रॅचेट पाना: सरळ की खटक्याचा?
रॅचेट पाना म्हणजे बोल्टवरून न काढता मागेपुढे हलवत फिरवायचा, एकाच दिशेने पकडणारा रिंग पाना. सरळ रॅचेट पान्याचं डोकं पातळ, गाडीच्या अल्टरनेटरमागच्या (वीज बनवणाऱ्या भागामागच्या) अडचणीतही शिरतं. दिशा बदलायला पाना पालथा करायचा, बस. पण गोची अशी की बोल्ट खोलताना तो बाहेर सरकतो आणि समोर चॅसी (गाडीचा सांगाडा) असेल, तर पाना मधेच अडकतो. निघत नाही, पालथाही करता येत नाही. खटक्याच्या पान्यात डोक्यावरचा खटका हलवून तिथल्या तिथे दिशा बदलून बोल्ट परत आत घेता येतो. त्याचा दांडा बहुधा 15 अंश कललेला, त्यामुळे बोटं सोलवटत नाहीत. डोकं मात्र जाडच. 72 दातांचा असला, तर दोन्हींत 5 अंशांची हालचाल पुरते. मी 10, 12, 13 नंबर खटक्याचे घेईन, बाकी सरळ. जाम बोल्ट आधी साध्या रिंग पान्यानेच ढिला करा. रॅचेटचे दात तेवढा जोर सोसत नाहीत.