अंगुलीमुद्रा प्रावीण्य चाचणीचा संच: तुलनेला चोख, पण ठसे फारच स्वच्छ

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अंगुलीमुद्रा (बोटांचे ठसे तपासणाऱ्या) युनिटांनी आपलं कौशल्य जोखायला वर्षातून एकदा तरी सोडवावा असा हा संच आहे. यात १२ चान्स प्रिंट (घटनास्थळी सापडतात तसे ठसे), चौघांच्या दहा बोटांच्या स्लिपा आणि तळहाताचे ठसे मिळतात. फोटो १००० पीपीआयचे (इंचाला १००० बिंदू), प्रत्येकाखाली मिलिमीटरची पट्टी.

सगळ्यात जमलेली गोष्ट म्हणजे १२ पैकी ३ ठसे चौघांपैकी कोणाचेच नाहीत. प्रत्येक ठशाचा मालक स्लिपांत आहे हे ठाऊक असलं, की उरलेला ठसा उरलेल्या माणसाच्या गळ्यात मारला जातो. इथे ती सोय नाही. त्यातला एक लूप (रेषा वळून आल्या बाजूलाच परततात असा ठसा) फारच फसवा आहे: कोर (ठशाचा मध्य) ते डेल्टा (रेषांचा तिठा) यांच्यामधल्या रिजांची, म्हणजे उंच रेषांची, मोजणी जुळते, सात-आठ मुद्देही (रेषा संपण्या-फुटण्याच्या जागा) बसतात, पण कोरच्या डावीकडची एक दोन फाटे फुटलेली रिज स्लिपेत सरळ जाते. ‘दाबामुळे झालं असेल’ म्हणून ती सोडली, की निकाल चुकला. २००४ मध्ये माद्रिद स्फोटांच्या तपासात एफबीआयने ओरेगॉनच्या एका वकिलाचा ठसा चुकीने जुळवला, तेव्हाही फरकांना अशीच कारणं दिली गेली होती, आणि पडताळणी करणाऱ्याला पहिला निष्कर्ष आधीच ठाऊक होता. संचात कोरी दुसरी प्रत आहे. पडताळणीला तीच द्या.

कमी पडतो तो ठशांच्या बाबतीत. सगळे कोरड्या काचेवरचे! आपल्याकडे पावसाळ्यात दमट लोखंडी कपाटावर ठसे उठवायची काळी पावडर चिखलासारखी बसते, रिजमधल्या खाचा भरतात आणि संपलेली रिज शेजारच्या रिजला जोडलेली दिसते. ओल्या पृष्ठभागाला मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं द्रावण हवं. भिजलेल्या कागदावर निनहायड्रिन (कागदावरचे ठसे रंगवणारं रसायन) वाया जातं, कारण ते ज्यांच्याशी रंग धरतं ती अमिनो आम्लं पाण्याबरोबर गेलेली असतात. जाळी ओढून झिजलेली बोटं तर संचात नाहीतच.

निकालपत्रात नुसती टक्केवारी येते, हे खटकतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, १६९ तज्ज्ञांच्या अमेरिकी अभ्यासात चुकीचं जुळवणं ०.१ टक्का आणि चुकीचं वगळणं (ठसा त्याच माणसाचा असूनही ‘नाही’ म्हणणं) ७.५ टक्के निघालं. दोन्हींचा हिशेब वेगळा हवा. वगळण्यातली चूक पुष्कळदा ठसा उलटा धरल्याने किंवा तळहाताचा तुकडा बोटाचा समजल्याने होते.

संच घ्याच, पण सोबत दोन ठसे स्वतः तयार करा: एक मासळीच्या ओल्या थर्माकोल पेटीवर, एक तेलकट समईवर, युनिटबाहेरच्या कर्मचाऱ्याचे. ते नेहमीच्या प्रकरणांत गुपचूप मिसळा. चाचणी आहे हे कळलं की हात वेगळाच चालतो. अमेरिकेतली ह्यूस्टनची न्यायवैद्यक प्रयोगशाळा अशा छुप्या चाचण्या घेते. फक्त खोट्या प्रकरणाची नोंद सीलबंद लिफाफ्यात प्रमुखांकडे ठेवा, म्हणजे अहवाल चुकून कोर्टाकडे जाणार नाही.