कोबाल्ट-क्रोमचे प्रिंटेड दात, काही महिन्यांच्या वापरानंतर: सगळं मार्जिनवर अडतं

क्राउन (दातावर बसवायची टोपी) तपासायला आम्ही कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूची पावडर वितळवून थरांनी 3D प्रिंट केलेले नमुन्याचे दात वापरतो. दुसरा लॉट उघडला आणि चिडून लिहायला बसलो. सपोर्ट, म्हणजे छापताना दाताला धरणारे टेकू, थेट मार्जिनवर, म्हणजे क्राउनची कड जिथे टेकते त्या काठावर! पहिल्या लॉटमध्ये दात उभे छापले होते, सपोर्ट मुळाच्या टोकाला. या वेळी आडवे पाडले. पुरवठादाराकडे तक्रार केली तर उत्तर काय, "माप टॉलरन्समध्ये आहे." असेलही ठरलेल्या फरकाच्या मर्यादेत. पण आडव्या दाताच्या मार्जिनची खालची बाजू सैल पावडरवर तयार होते, आणि तिथे अर्धवट वितळलेले कण चिकटून राहतात. कण साधारण 15 ते 45 मायक्रॉनचे. सिमेंटसाठी आम्ही जागा सोडतो तीही मायक्रॉनच्या याच घरातली. एक कण नको तिथे राहिला की क्राउन वरच टेकतो. मग आम्ही तपासतोय काय, क्राउनचं फिटिंग की यांचं प्रिंटिंग?

पहिला लॉट मात्र खरोखर आवडला. काढलेल्या खऱ्या दातांत प्रत्येकाचं वय, आकार, भेगा वेगळ्या, शिवाय ते कायम ओले ठेवायचे. इथे एका फाइलमधून हवे तेवढे सारखे दात. 5 आणि 55 अंशांच्या पाण्यात आलटून पालटून बुडवा, चावण्याच्या यंत्रात लाखो सायकल चालवा, दात तसाच.

क्राउन फोडण्याच्या चाचणीबद्दल मात्र मत बदललं. डेंटिनचा (दाताच्या इनॅमलखालच्या थराचा) यंग्ज मॉड्युलस, म्हणजे ताठरपणा, 18 गिगापास्कलच्या आसपास, कोबाल्ट-क्रोमचा 200 च्या वर. खालचा आधार दबतच नाही, त्यामुळे क्राउनचं सिरॅमिक आतून कमी ताणलं जातं आणि फुटण्याचा लोड फुगून येतो. तोंडात एवढा लोड झेलेल असं त्यावरून सांगणं चूक. त्या चाचणीला मी आता डेंटिनच्या जवळच्या मॉड्युलसचे रेझिनचे दातच घेतो. धातूचे फक्त फिटिंगसाठी.

पुन्हा वापरता येतात म्हणूनच हे परवडतात. रेझिन सिमेंट भट्टीत जाळतो, उरलेलं सँडब्लास्ट करतो. पण सँडब्लास्टमधल्या अॅल्युमिनाच्या कठीण कणांचा मारा मार्जिनची धार हळूहळू गोल करतो, म्हणून तिथे नोझल नेतच नाही. भिंगाखाली प्लास्टिकच्या पात्याने खरवडतो. वेळखाऊ काम, पण दात टिकतात.

आता ऑर्डरमध्येच लिहून देतो: दात उभा, मार्जिनवर सपोर्ट नको, छपाईच्या प्लेटवरून कापण्याआधी स्ट्रेस रिलीफ (धातूतला ताण घालवायला तापवणं). दुसरा लॉट परत पाठवलाय. बदलून दिला नाही तर पुरवठादार बदलणार.