दोन, तीन की चार कार्डं? मुंबईच्या घरात एसएमपीएस निवडताना

एकापेक्षा जास्त ग्राफिक्स कार्डांचं मशीन जुळवायचं म्हणून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कुठल्याही दुकानात शिरा, काउंटरवरून विचारलं जातं, "एसएमपीएस किती वॅटचा देऊ?" एसएमपीएस म्हणजे मशीनच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा सप्लाय. त्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी दोन गोष्टी घरीच ठरवून जायला हव्यात. सगळी कार्डं एकाच वेळी पूर्ण जोरात चालणार आहेत का? आणि मशीन घरातल्या कोणत्या प्लगवर लागणार आहे? दुसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि १६०० वॅटचा खोका घरी आणल्यावर भिंतीकडे बघत बसतात.

समोर तीन रस्ते असतात. एकच मोठा एसएमपीएस, १२०० ते १६०० वॅटचा. दोन मध्यम एसएमपीएस एकत्र जोडणं. किंवा भंगारात निघालेल्या सर्व्हरमधला १२ व्होल्टचा सप्लाय. माझा कल आधीच सांगून टाकतो: राहत्या घरात तीन कार्डांपर्यंत एकच चांगला एसएमपीएस घ्यावा, आणि चौथ्या कार्डासाठी दुसरा आणण्याआधी कार्डांचा वीजवापर खाली खेचून पाहावा.

हिशेब कार्डापासून

उदाहरणाला एनव्हीडियाचं आरटीएक्स ३०९० हे कार्ड घेऊ, कारण सेकंडहँड बाजारात २४ जीबी मेमरीसाठी लोक तेच शोधतात. कंपनीचा आकडा ३५० वॅट. दोन कार्डांचे ७००, प्रोसेसरचे २०० धरा, मदरबोर्ड, डिस्क, पंखे मिळून १००. झाले १०००. तीन कार्डांना १३५०. चार कार्डांना प्रोसेसरही सहसा वर्कस्टेशनचा असतो, म्हणजे १७५० च्या घरात. नवी कार्डं याहून खादाड आहेत: ४०९० ला ४५० वॅट, ५०९० ला ५७५. उलट ३०६० चं १२ जीबीवालं कार्ड १७० वॅटमध्ये भागवतं, त्यामुळे तशी दोन कार्डं असतील तर हा लेख वाचण्याचीही फारशी गरज नाही; चांगला ७५० वॅटचा घ्या आणि कामाला लागा.

हा आकडा मात्र सरासरीचा आहे. ३०९० सारखं कार्ड मिलिसेकंदाहूनही कमी वेळासाठी आपल्या आकड्याच्या दीडपटीच्या आसपास उसळी मारतं. दोन कार्डांनी एकदम उसळी मारली की जुन्या बनावटीच्या एसएमपीएसचं संरक्षण जागं होतं आणि मशीन फट्कन बंद पडतं. वरकरणी सगळं ठीक, तापमान ठीक, तरी बंद. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकाने हीच गोष्ट नोंदवली: मोठ्या कार्डांसाठीच्या सप्लायने १०० मायक्रोसेकंदांपुरता स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसला पाहिजे. म्हणून १००० वॅटचा एटीएक्स ३.० किंवा ३.१ चा सप्लाय आणि दहा वर्षांपूर्वीचा १००० वॅटचा सप्लाय यांच्यावर आकडा एकच असला तरी बहु-कार्ड मशीनमध्ये ते सारखे वागत नाहीत. जुनाच घ्यायचा तर बेरजेवर तीस-चाळीस टक्के जागा सोडावी. नव्या मानकाच्या सप्लायला वीस टक्के पुरतात.

आता कामाचा प्रश्न. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करताना किंवा एआय मॉडेल ट्रेन करताना सगळी कार्डं एकदम शंभर टक्क्यांवर जातात आणि तासन्‌तास तिथेच राहतात. भाषेचं मोठं मॉडेल घरी नुसतं चालवायचं असेल आणि त्याचे थर कार्डांत वाटलेले असतील, तर एका वेळी एकच कार्ड राबतं, बाकीची आपली पाळी येण्याची वाट पाहतात. तेव्हा १३५० ची बेरीज कागदावरच राहते. भिंतीवरचा मीटर त्याच्या जवळपासही जात नाही. पण तेच मॉडेल टेन्सर पॅरलल पद्धतीने, म्हणजे प्रत्येक थराचं काम सगळ्या कार्डांत वाटून चालवलं की सगळी कार्डं पुन्हा एकत्र ओढायला लागतात. विकत घेताना वाईटात वाईट दिवसाचा हिशेब धरावा, पण असा दिवस तुमच्याकडे खरंच येणार आहे का, तेही स्वतःला विचारावं.

फुकटातला उपाय आधी

एनव्हीडियाच्या ड्रायव्हरसोबत येणाऱ्या एनव्हीडिया-एसएमआय या आज्ञेने कार्डाला वॅटची मर्यादा घालता येते. ३५० चं कार्ड २८० वर आणलं तर वीज वीस टक्के कमी होते, वेग मात्र त्या प्रमाणात पडत नाही, कारण शेवटच्या थोड्या वेगासाठीच कार्ड सगळ्यात जास्त वीज जाळत असतं. मॉडेल चालवण्याच्या कामात अडथळा बहुधा मेमरीच्या वेगाचा असतो, तिथे तर फरक जेमतेम जाणवतो. मशीन पुन्हा सुरू केलं की ही मर्यादा पुसली जाते. ती सुरुवातीलाच लागू होईल अशी सोय करून ठेवावी.

या हिशेबाने दोन कार्डं ८६० वॅटवर येतात, म्हणजे १२०० चा सप्लाय आरामात. तीन कार्डं ११४० वर, त्यांना १५०० किंवा १६०० चा. चार कार्डं प्रत्येकी २५० वर बसवली तर प्रोसेसरसकट साधारण १३५०, आणि तीही एका १६०० मध्ये मावतात. एक गोष्ट लक्षात ठेवायची: मर्यादा सरासरीला लागते, उसळीला लागत नाही. म्हणून मर्यादा घातली तरी सप्लाय नव्या मानकाचाच हवा.

एकच मोठा

याची मोठी सोय म्हणजे विचार करावा लागत नाही. एक बटण, एक अर्थिंग, एक वॉरंटी, आणि चांगल्या कंपन्या या वर्गात १० ते १२ वर्षांची वॉरंटी देतात. कॉर्सेअरचा एएक्स१६००आय किंवा सीसॉनिकचा प्राइम टीएक्स-१६०० ही या रांगेतली वरची नावं, किमतीनेही वरचीच. हा पैसा एकदाच जातो आणि कार्डं दोनदा बदलली तरी सप्लाय तोच राहतो, म्हणून मला तो महाग वाटत नाही.

घेण्याआधी वॅट नव्हे, मागची भोकं मोजा. आठ पिनांचा प्लग १५० वॅटचा. ३०९० ची बरीच कार्डं दोन मागतात, काही तीन. चार कार्डांना आठ ते बारा प्लग झाले, आणि १६०० वॅटच्या प्रत्येक सप्लायला तेवढे नसतात. एकाच वायरीला पुढे दोन तोंडं फुटलेली असतात ती मोठ्या कार्डाला लावू नयेत. प्रत्येक प्लगला सप्लायपासून निघालेली स्वतंत्र वायर द्यावी. ४०९० किंवा ५०९० असतील तर सोळा पिनांचे, ६०० वॅटचे दोन प्लग सप्लायवरच हवेत, जोडतुकडे नकोत. हा प्लग पूर्ण आत बसला नाही तर तापून वितळतो, ४०९० बाजारात आल्यावर लगेच हे दिसून आलं होतं. कट्ट आवाज येईपर्यंत दाबा आणि तोंडाशीच वायर वाकवू नका.

दोन जोडून

घरात आधीच एक चांगला ७५० किंवा ८५० चा सप्लाय पडला असेल तर हा मोह रास्त आहे. पैसे वाचतात, शिवाय प्रत्येकाला साधी वायर आणि साधा प्लग पुरतो. पहिला सप्लाय सुरू झाला की दुसऱ्याला इशारा देणारी छोटी सर्किटची पाटी मिळते, ती स्वस्त आहे. तेवढ्यावर काम संपत नाही, खरी गोम पुढे आहे.

एका कार्डाच्या सगळ्या वायरी एकाच सप्लायच्या असल्या पाहिजेत. कार्ड वीज घेणाऱ्या रायझरवर (कार्ड मदरबोर्डपासून दूर बसवणाऱ्या जोडणीवर) असेल तर रायझर आणि कार्ड दोन्ही एकाच सप्लायवर. रायझरला साटाच्या, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या वायरीतून वीज देण्याचा प्रकार क्रिप्टो मायनिंगच्या काळात सर्रास चालायचा. साटाचा प्लग १२ व्होल्टवर ५४ वॅटचा आणि स्लॉटमधून कार्ड ७५ पर्यंत मागू शकतं. जळालेल्या रायझरचे फोटो तिथूनच आलेले आहेत.

त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे एक सप्लाय चालू आणि दुसरा बंद अशी अवस्था. कार्डाला एका बाजूने वीज, दुसऱ्या बाजूने नाही. ती उलट्या वाटेने शिरते आणि बोर्ड किंवा कार्ड जातं. मुंबईत ज्यांच्या फ्लॅटला थ्री फेज मीटर आहे त्यांनी इथे सावध व्हावं. बैठकीच्या खोलीतला प्लग एका फेजवर, बेडरूममधला दुसऱ्यावर असतो. एक फेज गेली की अर्धं मशीन जिवंत, अर्धं मेलेलं. दोन वेगळ्या एमसीबींवर लावलं तरी तोच धोका. दोन्ही सप्लाय एकाच सर्किटवर, एकाच स्विचखाली हवेत, आणि तसं केलं की भिंतीवरचा भार वाटून घेण्याचा मूळ फायदाच उरत नाही.

तरी हा रस्ता बाद नाही. पाच-सहा कार्डं उघड्या सांगाड्यावर लावायची असतील तर दुसरा इलाजही नसतो. दोन कार्डांसाठी मात्र तो उगाच.

सर्व्हरचा सप्लाय

पैशाच्या मानाने याच्याइतके वॅट कुठे मिळत नाहीत, आणि बनावट दणकट. यातले बरेच पूर्ण क्षमता २०० व्होल्टच्या वरच देतात. अमेरिकेत ती अडचण आहे, आपल्या २३० व्होल्टला नाही. पण तो फक्त १२ व्होल्ट देतो, त्यामुळे मदरबोर्डसाठी साधा एसएमपीएस लागतोच, आणि दोन सप्लायचे वर लिहिलेले सगळे नियम इथेही लागू. शिवाय आवाज. त्यातला ४० मिलिमीटरचा पंखा भार आला की किंचाळतो. वन बीएचकेमध्ये घरचे लोक हे मशीन आठवडाभरही टिकू देणार नाहीत. वेगळा गाळा किंवा ऑफिस असेल त्यांनीच याच्या वाटेला जावं.

भिंत

आपल्या घरातला लहान प्लग ६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॅट, तोही थोडा वेळ. १३५० वॅटचा भार सप्लायमधून जाताना होणारी घट धरून भिंतीतून सुमारे १४५० वॅट ओढतो. हे ६ अँपिअरच्या पलीकडे गेलं. १६०० च्या सप्लायसोबत जाड वायर येते, तिचं मशीनकडचं तोंडही नेहमीपेक्षा रुंद, आणि तिला गीझर-एसीसारखा १६ अँपिअरचा पॉइंट लागतो. बाहेरून आलेल्या खोक्यात परदेशी पिन निघाली तर दुकानदार कन्व्हर्जन पिन पुढे करेल. ती नको, १६ अँपिअरच्या पिनेची नवी वायर मागा. एक्सटेन्शन बोर्डवर तर मुळीच नाही. जुन्या इमारतीत राहत असाल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून वायरिंग आणि अर्थिंग तपासून घ्या, खर्च एसएमपीएसच्या मानाने किरकोळ आहे.

दुसरं, उष्णता. ११०० वॅट ओढणारं मशीन खोलीत ११०० वॅटचा हीटर लावल्यासारखंच असतं, आणि एक टनाचा एसी साधारण ३५०० वॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे एसीची जवळपास एक तृतीयांश ताकद मशीनच खाणार. मे महिन्यात दादरच्या दुसऱ्या मजल्यावर याचा अर्थ काय ते सांगायला नको. एसी आणि मशीन यांचे पॉइंट एकाच एमसीबीवर नाहीत ना, तेही पाहा.

यूपीएसबद्दल थोडक्यात: दुकानात सहज मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस या मशीनपुढे खेळणं आहे. पूर्ण भाराला २ ते ३ केव्हीएचा लागेल. मुंबईत वीज क्वचित जाते, शहरभर वीज गेली त्या १२ ऑक्टोबर २०२० सारखे दिवस अपवाद. मी तो पैसा आधी चांगल्या सप्लायवर घालेन आणि कामाच्या मधल्या प्रती डिस्कवर साठवत राहीन.

गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम

ही सप्लायच्या कार्यक्षमतेच्या ८० प्लस प्रमाणपत्राची नावं. २३० व्होल्टवर, अर्ध्या भाराला गोल्डची कार्यक्षमता ९२ टक्के, प्लॅटिनमची ९४, टायटॅनियमची ९६. पूर्ण भाराकडे सगळेच थोडे घसरतात. १००० वॅटच्या भाराला गोल्ड ९१ आणि टायटॅनियम ९५ धरलं तर भिंतीवर फरक पडतो ४६ वॅटचा. रोज आठ तास चालवलं तर वर्षाला १३५ युनिट. वीज बेस्टची असो, अदानीची, टाटांची की महावितरणची, घरगुती बिल टप्प्याटप्प्याने चढतं आणि मशीनचे युनिट नेहमी सगळ्यात वरच्या टप्प्यात पडतात. म्हणून हिशेब बिलावरच्या सर्वांत महाग दराने करा. समजा १२ रुपये धरले, तर वर्षाला १६०० रुपये. दिवसरात्र ट्रेनिंग चालणार असेल तर टायटॅनियम काही वर्षांत किंमत वसूल करतो. संध्याकाळी दोन तास चालवणाऱ्याने गोल्ड घेऊन उरलेल्या पैशात कॅबिनेटचे पंखे घ्यावेत.

दुकानात

सेकंडहँड सप्लाय घेत असाल तर त्याच्या मूळ वायरींसकटच घ्या. सप्लायकडच्या बाजूची पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही वेगळी असते. दुसऱ्याची वायर भोकात छान बसते आणि कार्डाला भलताच व्होल्टेज जातो. मायनिंगमधून आलेला असेल तर प्लगच्या कडा पिवळट किंवा काळपट झाल्यात का ते टॉर्च मारून बघा. समुद्राकाठच्या गोडाउनमध्ये पडलेला माल असेल तर पिनांवरचा हिरवा थरही. चार कार्डं थेट मदरबोर्डवर बसणार असतील तर बोर्डावर स्लॉटसाठी जादा वीज घेणारा प्लग आहे का ते बघा, कारण २४ पिनांच्या मुख्य प्लगमध्ये १२ व्होल्टच्या फक्त दोन पिना असतात आणि चार स्लॉटांचा भार त्यांच्यावर टाकणं बरं नाही. नवा घेत असाल तर पक्कं जीएसटी बिल घ्या आणि त्यावर अनुक्रमांक लिहून घ्या. दहा वर्षांच्या वॉरंटीत आठव्या वर्षी तोच कागद लागतो, आणि थर्मल प्रिंटरची पावती तोवर कोरी झालेली असते, म्हणून तिचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.