दिवाळीत बोर्डगेम द्यायचाय? आधी विचारा, त्या घरात पत्ते कोणते खेळतात

बोर्डगेम भेट द्यायचा तर बॉक्सवरचं वय आणि चित्र बघून घेऊ नका. त्या घरात पत्ते कोणते खेळतात ते विचारा. बदाम सात, मेंढीकोट, रमी, की पत्ते नाहीत आणि नुसता व्यापार? निम्मी निवड तिथेच होते. उरलेली निम्मी, एका वेळी किती माणसं बसणार यावर. नियम समजावून सांगणारं कोणी नसेल तर महागातला खेळही पाडव्यापर्यंत माळ्यावर जातो. म्हणून घरच्यांना आधीच अंगवळणी पडलेलं काहीतरी ज्यात आहे, तोच खेळ द्यावा.

भाऊबीजेला आठ-दहा जण जमतात त्या घराला सिक्वेन्स. दोन कॅट म्हणजे १०४ पत्ते, १०० घरांचा पट आणि चकत्या. हातातलं पान टाकायचं, पटावर त्याच पानाच्या घरात चकती ठेवायची, गड्डीतून नवं पान उचलायचं. ओळीत पाच चकत्या झाल्या की सिक्वेन्स; चार कोपऱ्यांची घरं सगळ्यांच्याच ओळीत धरतात. बदाम सात येणाऱ्या आजीला हे पाच मिनिटांत समजतं, वाचायचं काहीच नसतं. दोघांत प्रत्येकी ७ पानं, तिघा-चौघांत ६, सहा जणांत ५, आठ-नऊ जणांत ४, दहा-बारा जणांत ३. गट दोन किंवा तीन, आणि प्रत्येक गटात माणसं सारखी लागतात. त्यामुळे पाच, सात किंवा अकरा जण असतील तर हिशेब जमत नाही, कोणालातरी पुढच्या डावापर्यंत थांबावं लागतं. बॉक्सवर ‘२ ते १२’ छापलेलं असतं, ते वाचून घेणाऱ्यांची इथेच फसगत होते.

भांडणं होतात ती गुलामांवरून. चौकट आणि किलवरच्या गुलामाला दोन डोळे, तो टाकून कुठल्याही रिकाम्या घरात चकती ठेवता येते. इस्पिक आणि बदामच्या गुलामाला एकच डोळा, त्याने समोरच्याची चकती उचलता येते, पण पूर्ण झालेल्या सिक्वेन्समधली नाही. डोळे मोजत बसण्यापेक्षा रंग पाठ केलेले बरे. दोन गट असतील तर जिंकायला दोन सिक्वेन्स लागतात, तीन गट असतील तर एकच पुरतो. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे पान टाकून नवं उचलायला विसरणं. पुढच्याची पाळी होऊन गेली की ते पान गेलं, हात एका पानाने कमीच राहतो.

रमीवाल्यांना रमीकब द्यावा. पत्त्यांऐवजी १०६ ठोकळे: चार रंगांत १ ते १३, प्रत्येकाचे दोन, आणि दोन जोकर. दोन ते चार जण, प्रत्येकी १४ ठोकळे. ठोकळे समोरच्या पट्टीवर उभे राहतात, त्यामुळे बोटं दुखणाऱ्या किंवा नजर कमी झालेल्या माणसांना हातात पंख्यासारखी पानं धरावी लागत नाहीत. एवढ्या एका सोयीसाठी ज्येष्ठांच्या घरी आमची पहिली पसंती रमीकबला. पहिल्यांदा उतरताना स्वतःच्याच ठोकळ्यांचे किमान ३० गुण लागतात. त्यानंतर मात्र टेबलावरची मांडणीही मोडून नव्याने लावता येते. इथेच गोंधळ होतो: मांडणी मोडली, जुळली नाही, आणि आधी काय होतं ते कोणालाच आठवत नाही. मोडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. घेताना पिवळ्या बल्बखाली लाल आणि नारिंगी आकडे वेगळे ओळखू येतात का ते जरूर बघा.

मेंढीकोटचे पट्टीचे भिडू असतील तर द क्रू हा खेळ त्यांना अगदी जवळचा वाटेल. ४० पानं: चार रंग, १ ते ९, आणि कायम हुकूम असलेली चार रॉकेटं. रंगाला रंग टाकायचा, हात करायचा, सगळं ओळखीचं. फरक एवढाच की सगळे एकाच बाजूला असतात. अमुक पान अमक्याच्याच हातात गेलं पाहिजे असं काम ठरलेलं असतं, आणि बोलायला बंदी. प्रत्येकाला डावात एकदाच आपलं एक पान उघडं ठेवून, ते त्या रंगातलं सर्वांत मोठं, सर्वांत लहान किंवा एकमेव आहे, एवढीच खूण करता येते. अशी ५० कामं, चढत्या अवघडपणाची. दोघांसाठीही नियम आहेत, पण खरी मजा तिघांपासून पुढे. कामांची पुस्तिका इंग्रजीत असते, तेवढी वाचणारं एक माणूस लागेल.

व्यापार रंगतो त्या घराला कॅटान. १९९५ साली जर्मनीत निघालेला हा खेळ तीन-चार जणांचा आहे, दोघांच्या घरी देऊ नका. पाच-सहा जणांसाठीचा वाढीव बॉक्स वेगळा मिळतो, तो मूळ खेळाशिवाय खेळता येत नाही. व्यापारात दिवाळं निघालेलं पोर तासभर बघत बसतं. इथे कोणी बाद होत नाही, आणि फासा दुसऱ्याने टाकला तरी आपल्याला माल मिळू शकतो. फाशांची बेरीज येईल, पटावरच्या त्या आकड्याला लागून घर असलं की माल. पहिल्या डावात नवशिके २ किंवा १२ आकड्याला लागून घर बांधतात आणि माल येत नाही म्हणून कंटाळतात. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ६ पडण्याच्या पाच, ८ पडण्याच्याही पाच. २ आणि १२ ची फक्त एकेक. घरं ६ आणि ८ जवळ बांधा, एवढं सांगितलं तरी पहिला डाव रंगतो.

दोघंच राहतात तिथे अझुल. शंभर जाडजूड, गुळगुळीत फरश्या पिशवीतून काढायच्या आणि भिंत सजवायची. पण फरश्या पटावरून सरकतात, सतरंजीवर खेळायचा हा खेळ नव्हे. आणि त्या गोळ्या-चॉकलेटसारख्या दिसतात, तेव्हा रांगतं मूल असलेल्या घरी नकोच.

टिकिट टू राइड हा नकाशावर रेल्वेमार्ग जोडायचा खेळ घेताना एक फसगत हमखास होते. भारताचा नकाशा असलेला बॉक्स बघून लोक आनंदाने उचलतात, पण त्यात रेल्वेचे डबे नसतात आणि रंगीत पानंही नसतात. ती मूळ खेळातूनच घ्यावी लागतात.

नाशिकला मेन रोड, कानडे मारुती लेनच्या बाजारात सिक्वेन्स आणि व्यापार हाताळून घेता येतात. तिथे नमुन्याचा बॉक्स उघडायला सांगा आणि पानं उलटी पसरून बघा. स्वस्तातल्या नकलेत पाठीचा छाप मागे-पुढे सरकलेला असतो, मग पान पाठीवरूनच ओळखू येतं आणि खेळ संपला. आयात खेळ ऑनलाइन मागवणार असाल तर दिवाळीआधी पंधरा दिवस हाताशी ठेवा. पानांसाठी प्लॅस्टिकची पाकिटं सोबत द्या, कारण नाशिकच्या घरात खेळाशेजारी चिवड्याची ताटली असणारच, आणि तेलाचा डाग पडलेलं पान सगळ्यांना पाठ होतं.

कागद गुंडाळण्यापूर्वी बॉक्समध्ये हाताने लिहिलेलं अर्धं पान मराठीत ठेवा: किती वाटायचे, पाळीत काय करायचं, डाव कधी संपतो. सिक्वेन्सचं चार ओळींत होतं. ‘चौघं, दोन गट, प्रत्येकी ६ पानं. पान टाका, चकती ठेवा, पान उचला. चौकट-किलवर गुलाम ठेवतो, इस्पिक-बदाम गुलाम उचलतो. चार कोपरे सगळ्यांचे, दोन सिक्वेन्सला डाव.’