इतवारीतील सुट्या रंगांचे दुकान

नागपुरातील इतवारीच्या गजबजलेल्या ओळींमध्ये पूजासाहित्य आणि सुटे रंग विकणारे एक जुने दुकान आहे. घरच्या कुळाचारासाठी कुंकू, शेंदूर, गेरू आणि नीळ घेण्यास मी तेथे गेले होते. गल्ल्यावरचे काकाजी रंगाचे नाव ऐकताच आधी एकच गोष्ट विचारतात, “कशाले पाह्यजे?” नुसता लाल रंग मागणाऱ्याला येथे काहीच मिळत नाही, कारण लाल नावाची वस्तूच दुकानात नाही, मारुतीचा शेंदूर, कपाळाचे कुंकू, मिरवणुकीचा गुलाल आणि अंगणाचा गेरू अशा चार वस्तू आहेत, आणि त्यांतली एक दुसरीच्या जागी चालत नाही.

माल बहुतांशी चांगला आहे. गेरू दाणेदार नसून मऊ, पाण्यात चटकन कालवला जाणारा होता. हीच लोहयुक्त माती अजिंठ्याच्या भिंतींवरही वापरलेली आहे, याची आठवण अंगण सारवून त्याची किनार ओढताना झाली.

कुंकवाबाबत मात्र तक्रार आहे. हळदीत चुन्यासारखा क्षार मिसळला की ती लाल होते, आणि त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळी पडते. ‘हळदीचे’ म्हणून घेतलेल्या दोन पुड्यांवर मी घरी हा प्रयोग केला, तेव्हा एक पिवळी पडली आणि दुसरी जशीच्या तशी लाल राहिली. पुडीवर घटक छापलेले नाहीत. शेंदराच्या बाबतीत ही उणीव अधिक गंभीर आहे, कारण पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. तो मूर्तीला लावणे वेगळे आणि रोज भांगात भरणे वेगळे, हे विकणाऱ्याने न विचारता सांगायला हवे.

निळ्या रंगाच्या गिऱ्हाइकांचा हंगाम येथे ठरलेला आहे. 14 एप्रिलच्या आधी निळ्या गुलालाची पोती दारातच रचलेली असतात. ज्या शहरात 1956 साली दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली, तेथे या रंगाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. अजिंठ्याच्या चित्रकारांना निळ्यासाठी अफगाणिस्तानातून येणारा लाजवर्द हा निळा दगड लागत असे. 1828 च्या सुमारास तोच रंग फ्रान्समध्ये कृत्रिम रीतीने तयार झाला आणि पुढे धोब्याच्या निळीपर्यंत उतरला.

पोळ्याच्या सुमारास जाणे शक्यतो टाळावे, कारण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, काळी आणि पिवळी मारबत हे मिरवून जाळायचे पुतळे याच भागातून निघतात आणि गर्दीत दुकानाची पायरीही सापडत नाही. गेरू आणि गुलाल निःशंक घ्यावेत, कुंकू मात्र घेण्याआधी चिमूटभर मागून घ्यावे आणि सोबत लिंबू न्यावे; काकाजी त्याला हरकत घेत नाहीत.