ध्रुवीय मध्यांबरातील लहरी: कोणत्या रडारच्या नोंदी घ्याव्यात?

गोवा विद्यापीठाच्या ताळगाव पठारावर एम.एस्सी. करताना प्रबंधासाठी वास्कोच्या हेडलँड सड्यावरील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या विषयांकडे ओढला गेलेला विद्यार्थी अंटार्क्टिकावरील मध्यांबरातल्या (सुमारे 50 ते 90 किलोमीटर उंचीच्या हवेच्या थरातल्या) लहरी निवडणार असेल, तर त्याने आधी लहरींचा आवर्तकाल ठरवावा. रडार कोणते, हे त्यावरून ठरते.

चोवीस किंवा बारा तासांची वातावरणीय भरती-ओहोटी (सूर्याच्या उष्णतेने हवेत उठणारी लहर) आणि दोन ते सोळा दिवसांच्या, पृथ्वीला वेढणाऱ्या ग्रहीय लहरी यांसाठी उल्का रडार घ्यावे. सुमारे 30 मेगाहर्ट्झवर चालणारे हे यंत्र उल्कांच्या आयनीभूत शेपटीवरून परतलेल्या प्रतिध्वनीतील डॉप्लर बदल (वाऱ्याने वारंवारितेत पडलेला फरक) मोजते, आणि ढग असोत वा ध्रुवीय रात्र, त्याचे काम अडत नाही. मात्र त्याचा पल्ला 80 ते 100 किलोमीटर उंचीपुरता आहे. शिवाय वाऱ्याचे एक मूल्य काढण्यासाठी साधारण तासाभराचे, शेकडो किलोमीटर रुंद आकाशातले प्रतिध्वनी एकत्र करावे लागत असल्याने काही मिनिटांच्या गुरुत्व लहरी (वर ढकललेली हवा वजनाने परत खाली येताना उठणाऱ्या लहरी) त्यात पुसल्या जातात.

सुमारे 2 मेगाहर्ट्झचे मध्यम लहरी रडार 80 किलोमीटरच्या खाली उपयोगी पडते. परंतु 90 किलोमीटरच्या वर ते वाऱ्याचा वेग कमी दाखवते, म्हणून भरतीचा आयाम केवळ त्याच्या भरवशावर देऊ नये.

गुरुत्व लहरी वाहून नेत असलेला संवेग मोजायचा असेल, तर जपानच्या स्योवा तळावरील पॅन्सीसारखे 47 मेगाहर्ट्झचे, 1045 अँटेनांचे रडारच हवे. या संवेगामुळेच ध्रुवीय उन्हाळ्यात मध्यांबराच्या माथ्याचे तापमान उणे 130 अंश सेल्सियसच्याही खाली जाते. तिथल्या बर्फकणांमुळे उन्हाळ्यात 80 ते 90 किलोमीटरवरून जोरकस प्रतिध्वनी मिळतात. हिवाळ्यात ते तुटक असतात, त्यामुळे वर्षभराची सलग मालिका मागणाऱ्याचे यावर भागत नाही.

उल्का रडार निवडले तरी एक सापळा उरतोच. दक्षिण अक्षांश 69 वर जडत्वीय आवर्तकाल (पृथ्वीच्या फिरण्यामुळे गुरुत्व लहरींना पडणारी आवर्तकालाची कमाल मर्यादा) सुमारे 12.8 तास, म्हणजे बारा तासांच्या भरतीला अगदी खेटून. भरती आणि त्या आवर्तकालाजवळच्या गुरुत्व लहरी वेगळ्या ओळखायला किमान आठ दिवसांची सलग नोंद लागते. तीन दिवसांच्या खिडकीवरून काढलेल्या ‘भरती’वर परीक्षकाने बोट ठेवलेच पाहिजे. अंटार्क्टिकावरील भारताच्या भारती तळाजवळच्या ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिस तळावर उल्का रडार आहे. डेव्हिस आणि स्योवा जवळपास एकाच अक्षांशावर असून रेखांशात सुमारे 38 अंशांचे अंतर आहे, तेव्हा सूर्यामागे धावणारी बारा तासांची भरती डेव्हिसला सुमारे अडीच तास आधी दिसायला हवी. तशी ती दिसली नाही, तर आलेखावर भरतीचे नाव लिहिण्याची घाई करू नये.