खडा फुटला नाही: पुन्हा शॉकवेव्ह की दुर्बीण?

शॉकवेव्ह (शरीराबाहेरून लहरींचे धक्के देऊन खडा फोडणं) देऊनही मुतखडा तसाच आणि कळा थांबत नाहीत, अशा वेळी डॉक्टर बहुधा दोन वाटा सांगतात. पुन्हा शॉकवेव्ह घेतली तर शरीरात काही घालावं लागत नाही, बहुतेकदा त्याच दिवशी घरी. पण सीटी स्कॅनवर खड्याची घनता १००० हौन्सफिल्ड युनिटच्या वर असेल किंवा खडा मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यात असेल, तर दुसऱ्यांदाही निराशाच पदरी पडायची शक्यता जास्त. तिथे मला दुर्बिणीतून लेझर, म्हणजे लघवीच्या मार्गाने बारीक दुर्बीण आत घालून लेझरने खडा फोडणं, बरा वाटतो. भूल लागते, खर्च वाढतो, आणि वर तो डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत काही दिवस ठेवलेली बारीक नळी! लघवी करताना कमरेत चमक, सारखी घाई, कधी लालसर लघवी. स्टेंट निघेपर्यंत अनेकांना हे सोसावं लागतं. टॅमसुलोसिन या मूत्रमार्गाचे स्नायू सैल करणाऱ्या औषधाने थोडा आराम पडतो, डॉक्टरांना विचारा. थंडी वाजून ताप आला, तर तुलना बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठायचं.